घसाऱ्याचा हिशोब आणि सरड्याची कातडी

वाणिज्य शाखेत शिरलेल्या विद्यार्थ्याची पहिल्याच वर्षी ज्या शब्दांशी गाठ पडते, त्यांत ‘घसारा’ हा एक शब्द आहे. दुकानात नवे कपाट आले, कारखान्यात नवे यंत्र बसले, मालासाठी टेम्पो घेतला, की त्या दिवसापासून त्याची किंमत झिजू लागते. आयकराच्या हिशोबात फर्निचरला १० टक्के, सर्वसाधारण यंत्रसामग्रीला १५ टक्के आणि संगणकाला ४० टक्के घसारा धरतात. घटत्या शिल्लकेच्या पद्धतीने १ लाख रुपयांचे यंत्र पहिल्या वर्षअखेर ८५,००० रुपयांचे, दुसऱ्या वर्षअखेर ७२,२५० रुपयांचे आणि तिसऱ्या वर्षअखेर ६१,४१२ रुपये ५० पैशांचे उरते. हा आकडा शून्याला कधी पोहोचत नाही, पण तो एकदाही वर चढत नाही. निर्जीव वस्तू झिजते, स्वतःहून भरून निघत नाही, हे सगळ्या हिशोबशास्त्राने गृहीत धरलेले आहे.

सजीवाचे खाते मात्र वेगळ्या पद्धतीने लिहिलेले असते. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी मोडून नव्याने बांधला जातो. म्हणजे फर्निचरला ज्या दराने घसारा लागतो, जवळपास त्याच दराने आपली हाडे नवी होत असतात. बोट कापले तर कातडी सांधते. बागेतला सरडा विणीच्या दिवसांत मानेपर्यंत लाल होतो आणि दिवस सरले की पूर्ववत होतो. हे गुण वस्तूंमध्ये उतरवता येतील काय, या प्रश्नामागे जगभरातील अनेक प्रयोगशाळा गेली २०-२५ वर्षे लागल्या आहेत. आपल्यापैकी बहुतेकांचा चरितार्थ वस्तूंच्या खरेदी-विक्रीवर चालतो. तेव्हा उद्या आपल्या दुकानात येऊ पाहणाऱ्या या मालाची ओळख या वेळच्या सदरात करून घेऊ.

सरड्यावरचा अन्याय

शब्द फिरवणाऱ्या माणसाला आपण सरड्याची उपमा देतो. या उपमेत सरड्यावर अन्याय होतो. शॅमेलिऑन जातीचा सरडा रंग बदलतो तो मुख्यतः लपण्यासाठी नव्हे, तर सांगण्यासाठी. प्रतिस्पर्धी समोर आला की नर भडक होतो, माघार घेताना काळपट पडतो. आपली अवस्था तो अंगावर लिहून दाखवतो.

हा बदल घडतो कसा, याचा उलगडा जिनिव्हा विद्यापीठातील मिशेल मिलिंकोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली केला. कातडीतील रंगद्रव्य पसरते किंवा आक्रसते, एवढेच कारण त्यापूर्वी मानले जाई. मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनची कातडी तपासताना असे दिसले, की तिच्या काही पेशींत ग्वानीन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक ओळीने रचलेले असतात. सरडा शांत असतो तेव्हा हे स्फटिक जवळजवळ असतात आणि निळा प्रकाश परतवतात. त्यावर कातडीतील पिवळे रंगद्रव्य पडून आपल्याला हिरवा रंग दिसतो. सरडा उत्तेजित झाला की स्फटिकांमधले अंतर वाढते आणि पिवळा, नारिंगी, लाल प्रकाश परतू लागतो. डबा तोच, मांडणी वेगळी, आणि रंग वेगळा!

रंगद्रव्याविना केवळ रचनेतून रंग उमटण्याचा हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. साबणाच्या फुग्यावरचे रंग, पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग याच जातीचे. मोरपिसाचा निळा-हिरवा रंगही तसाच. मुनिमहाराजांच्या हातातील मयूरपिच्छी आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्यातील पीस खलात कुटले तर निळी पूड मिळणार नाही, तपकिरी भुकटी मिळेल. शांघायच्या फुदान विद्यापीठातील संशोधकांनी २००३ साली दाखवले, की पिसाच्या तंतूंत मेलानिनच्या सूक्ष्म काड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात आणि त्या जाळीतील अंतरावर पिसाचा रंग ठरतो. आपल्याकडे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९३४ सालीच नीलकंठ पक्ष्याच्या पिसांतील रंगांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. शिंपल्याच्या आतील मोतिया झळाळीचाही त्यांनी शोध घेतला होता.

समुद्रातील माकूल आणि ऑक्टोपस यांची कला याहून वेगवान आहे. त्यांच्या कातडीत रंगाच्या बारीक पिशव्या असतात. प्रत्येक पिशवीभोवती स्नायूंचे तंतू असतात आणि ते मज्जातंतूंच्या हुकमाने ओढले जातात. पिशवी ताणली की रंगाचा ठिपका मोठा होतो, सैल सोडली की तो मिटतो. हे सारे एका सेकंदाच्या आत घडते. त्याखालच्या थरात प्रकाश परतवणारे एक प्रथिन असते. हवाई बेटांजवळच्या एका लहान माकुलात ते सापडले आणि २००४ साली त्याला ‘रिफ्लेक्टिन’ असे नाव मिळाले.

कातडीपासून कापडापर्यंत

या निरीक्षणांतून वस्तू तयार होऊ लागल्या आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत अॅलन गोरोडेत्स्की यांच्या गटाने २०१९ साली माकुलाच्या कातडीवरून एक आवरण बनवले. त्यात लवचिक थरावर तांब्याचे सूक्ष्म तुकडे खवल्यांप्रमाणे बसवलेले असतात. आवरण सैल असताना तुकडे एकमेकांस भिडलेले असतात आणि शरीराची उष्णता आत परतवतात. ताणले की तुकड्यांमध्ये फटी पडून उष्णता बाहेर जाते. एकच पांघरूण ऊबही देईल आणि गारवाही. डोळ्यांना येथे रंग बदललेला दिसत नाही, पण उष्णतेच्या अदृश्य किरणांपुरते पाहिले तर ही रंग बदलण्याचीच क्रिया आहे.

केंब्रिज विद्यापीठात सिल्व्हिया विन्योलिनी यांच्या गटाने वनस्पतीतील सेल्युलोजपासून, म्हणजे ज्या पदार्थाचा कापूस आणि कागद बनतो त्याच पदार्थापासून, रचनेचे रंग असलेले पातळ पापुद्रे बनवले. २०२१ साली त्यांनी ते लांब पट्ट्यांवर यंत्राने काढून त्यांची चमकी तयार करून दाखवली. लग्नपत्रिका, साड्या आणि सौंदर्यप्रसाधने यांत आज जी प्लॅस्टिकची चमकी वापरली जाते, तिला हा वनस्पतिजन्य पर्याय ठरू शकेल.

मोटारींच्या जगात बीएमडब्ल्यू कंपनीने २०२२ साली एक नमुना मोटार प्रदर्शनात मांडली होती. बटण दाबताच ती पांढऱ्याची काळी होई. तिच्या अंगावर ई-पुस्तकाच्या पडद्यासारखे आवरण होते. त्यातील सूक्ष्म गोळ्यांत पांढरे आणि काळे कण भरलेले असतात आणि विजेच्या दाबाने ते वर-खाली सरकतात. माकुलाच्या रंगपिशव्यांची ही यांत्रिक भावंडेच म्हणावीत.

सांधण्याच्या तीन रीती

आता दुरुस्तीकडे वळू. स्वतःहून सांधणाऱ्या पदार्थांच्या तीन रीती ठळक आहेत. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला त्या आपल्याच भाषेत समजतात, म्हणून त्याच भाषेत सांगतो.

पहिली रीत राखीव निधीची. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात स्कॉट व्हाइट, नॅन्सी सोट्टोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एका कठीण प्लॅस्टिकमध्ये द्रवाने भरलेल्या सूक्ष्म गोळ्या मिसळल्या. भेग गेली की वाटेतील गोळ्या फुटतात, द्रव भेगेत झिरपतो, तेथे आधीच पेरलेल्या उत्प्रेरकाशी त्याची गाठ पडते आणि तो घट्ट होतो. या रीतीने पदार्थाचा मूळ चिवटपणा ७५ टक्क्यांपर्यंत परत मिळाला. मात्र एका जागचा निधी एकदाच खर्च करता येतो. दुसऱ्यांदा तेथेच भेग गेली तर गोळ्या रिकाम्या असतात.

दुसरी रीत कॅश क्रेडिटची. आपल्या कातडीखाली रक्तवाहिन्यांचे जाळे असते, म्हणून त्याच जागी पुन्हा खरचटले तरी जखम पुन्हा भरते. याच गटाने २००७ साली पदार्थाच्या आत बारीक वाहिन्यांचे जाळे खेळवले. वरच्या थराला त्याच जागी पुन्हा पुन्हा भेग पाडली, तरी ती ७ वेळांपर्यंत सांधली गेली. मर्यादा आहे तोवर रक्कम उचलता येते, पण मर्यादा आहेच.

तिसरी रीत नात्यागोत्याची. पॅरिसमधील लुडविक लाइब्लर यांच्या गटाने २००८ साली वनस्पती तेलातील स्निग्धाम्ले आणि युरिया यांच्यापासून एक रबर बनवले. त्यातील रेणू एकमेकांना साखळदंडाने बांधलेले नसतात, हातात हात धरून उभे असतात. रबर कापले की हात सुटतात. कापलेले तुकडे नेहमीच्या तापमानात एकमेकांवर टेकवले की हात पुन्हा धरले जातात. डिंक नको, भट्टी नको. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. तुकडे बराच काळ वेगळे राहू दिले, तर सुटलेले हात आपापल्या तुकड्यातच जोड्या जुळवतात आणि पुन्हा सांधण्याची शक्ती घटत जाते. पिढीजात पेढीतील भावाभावांचे वाटे ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना यावर अधिक भाष्य नको.

आपल्या देशातही या विषयात मोलाचे काम झाले आहे. कोलकाता येथील भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था आणि आयआयटी खरगपूर येथील शास्त्रज्ञांनी २०२१ साली असे सेंद्रिय स्फटिक प्रसिद्ध केले, जे तुटल्यावर काही मिलिसेकंदांत पुन्हा जुळतात. स्वयंपाकघरातील गॅस लायटरमध्ये स्फटिकावर आघात होऊन ठिणगी पडते. दाबाने वीज निर्माण करण्याचा तोच गुण येथे कामाला येतो. तुटलेल्या दोन कडांवर परस्परविरुद्ध विद्युतभार येतात आणि त्या कडा एकमेकींना ओढून घेतात.

हिशोब मांडून पाहू

व्यापाऱ्याच्या दृष्टीने खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. ‘स्वतः दुरुस्त होणारा’ हे शब्द आता विक्रेत्यांच्या तोंडी आले आहेत. मोटारीच्या रंगावर चढवायची पारदर्शक फिल्म शहरांतील दुकानांत याच शब्दांनी विकली जाते. तिचा गुण खरा आहे. उन्हाने किंवा कोमट पाण्याने वरचा थर किंचित सैल होतो आणि केसासारखे बारीक ओरखडे मिटतात. पण किल्लीने ओढलेली खोल रेघ तिला मिटवता येत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, साधे आवरण १०० रुपयांना मिळते आणि ५ वर्षे टिकते. वर्षाचा खर्च २० रुपये. स्वतः सांधणारे आवरण १३० रुपयांना मिळते आणि विक्रेता ८ वर्षांची हमी तोंडी देतो. वर्षाचा खर्च १६ रुपये २५ पैसे. सौदा उत्तम दिसतो. आता जादा गुंतवलेल्या ३० रुपयांवर १० टक्क्यांनी वर्षाचे ३ रुपये व्याज धरा. खर्च १९ रुपये २५ पैसे होतो आणि बचत अवघी ७५ पैसे उरते. आणि आवरण ८ ऐवजी ७ वर्षेच टिकले तर? तेव्हा वर्षाचा खर्च १८ रुपये ५७ पैसे, अधिक व्याज ३ रुपये, म्हणजे २१ रुपये ५७ पैसे. नफ्याचा सौदा तोट्यात गेला. एका वर्षाच्या फरकाने हे घडते. म्हणून आयुष्याचा आकडा तोंडी नव्हे, लेखी घ्यावा.

त्याबरोबर पाच प्रश्न विचारावेत. किती खोलीपर्यंतची इजा भरून निघते? त्याच जागी किती वेळा? मूळ मजबुतीच्या किती टक्के परत येते? त्यासाठी उष्णता, पाणी किंवा ऊन लागते काय आणि किती वेळ? हे सारे कोणत्या चाचणीने तपासले आहे? रंग बदलणाऱ्या मालाबाबत आणखी एक प्रश्न: किती वेळा बदलल्यावर, किती धुतल्यावर हा गुण मंदावतो? उन्हात काळे होणारे चष्मे आपण वापरतो. त्यांतील बहुतेक चष्मे मोटारीत बसल्यावर नीट काळे होत नाहीत, कारण पुढची काच अतिनील किरण अडवते. ग्राहकाला हे आधी सांगितले तर तो समजून घेतो, नंतर कळले तर भांडतो.

१९९१ साली अमेरिकेत शरीराच्या उबेने रंग बदलणारे टी-शर्ट प्रचंड खपले होते. गरम पाण्यात धुतल्यावर त्यांचा गुण नाहीसा होई. लाट ओसरली आणि पुढच्याच वर्षी ती कंपनी दिवाळखोरीत गेली. माल खोटा नव्हता. मालाची मर्यादा आणि उत्पादनाचा अंदाज, या दोन्ही बाजू सांभाळल्या गेल्या नाहीत. नावीन्यावर साठा करणाऱ्याने हे उदाहरण जवळ ठेवावे.

जीवाकडून शिकणे आणि जीव घेणे

आपल्या वाचकांच्या मनात आणखी एक प्रश्न उभा राहिला असेल, आणि तो रास्त आहे. माणसाने प्राण्यांकडून रंग घेतला तो आजवर बहुधा प्राण घेऊन. प्राचीन काळी भूमध्य समुद्राकाठी राजवस्त्रांचा जांभळा रंग शंखांतील गोगलगायींपासून काढत. १९०९ साली पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने त्या रंगाचे रेणू ओळखण्यासाठी १२,००० गोगलगायी वापरल्या, तेव्हा हाती १.४ ग्रॅम रंग आला. निवडुंगावरील कोचिनील किड्यांपासून काढलेला लाल रंग आजही वापरात आहे. एक पौंड वाळलेल्या मालाला सुमारे ७०,००० किडे लागतात. परदेशी मिठाईच्या वेष्टणावर ‘ई १२०’ असे छापलेले दिसले तर तो हाच रंग होय. आणि काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारे समुद्रफेन हा समुद्राचा फेस नसून माकुलाच्याच जातीच्या प्राण्याचे कवच आहे, हे विकणाऱ्यासही पुष्कळदा ठाऊक नसते.

या पार्श्वभूमीवर नव्या शास्त्राची दिशा आशादायक वाटते. सरड्याच्या कातडीतील मांडणी समजली की सरड्याची गरज उरत नाही. तीच मांडणी सेल्युलोजमध्ये उतरवता येते. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील मेलिक डेमिरेल यांनी माकुलाच्या चोषकांवरील दातेरी कड्यांतील प्रथिनापासून सांधणारा पदार्थ बनवला. त्यासाठी समुद्रातून माकूल धरत बसावे लागत नाही. प्रथिनाची कृती जीवाणूंना शिकवून ते टाक्यांत आंबवणाच्या रीतीने तयार करतात. २०२० साली त्यांच्या गटाने या पदार्थाची भेग थोड्या उष्णतेने काही क्षणांत सांधून दाखवली.

तरीही खाते पूर्ण कोरे आहे असे म्हणता येणार नाही. ज्ञान मिळवताना प्रयोगशाळेत प्राणी वापरले गेले आहेत. हॉलंडमधील डेल्फ्ट येथे हेन्क योंकर्स यांनी विकसित केलेल्या काँक्रीटमध्ये जिवाणूंची बीजे पेरलेली असतात. भेगेतून पाणी शिरले की ती जागी होतात, चुनखडी बनवतात आणि भेग बुजवतात. घराची गळती थांबते, पण भिंतीत सूक्ष्मजीव वसवले जातात. हे कोणाला चालेल, कोणाला चालणार नाही. निर्णय ज्याच्या त्याच्या विवेकाचा आहे. मात्र निर्णय घेण्यासाठी माहिती हवी, आणि ती मागण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. विक्रेत्याने ‘वनस्पतिजन्य’, ‘जीवाणूनिर्मित’ आणि ‘प्राणिजन्य’ या तीन गोष्टी बिलावर किंवा वेष्टणावर वेगळ्या लिहिल्या, तर आपल्या समाजातील ग्राहक तो माल अधिक विश्वासाने घेईल. यात धर्मही आहे आणि व्यवहारही.

रफूगराचे काय?

शेवटी एक शंका. वस्तू स्वतःच सांधू लागल्या तर रफूगर, चांभार, कल्हईवाला, घड्याळजी यांचे काय? माझ्या मते त्यांच्या पोटावर पाय येईल तो या पदार्थांमुळे नव्हे. तो ‘वापरा आणि फेका’ या सवयीमुळे आधीच आलेला आहे. हे पदार्थ केसाएवढी भेग सांधतात, फाटलेला खिसा शिवत नाहीत. उलट भेग लहान असतानाच अडली, तर वस्तू फेकण्याची वेळ लांबते आणि मोठ्या दुरुस्तीच्या लायकीची वस्तू घरात राहते. येथे एक दक्षता हवी. अनेक द्रव्ये मिसळून केलेला माल भंगारात वेगळा करणे अवघड जाते. म्हणून आयुष्य संपल्यावर या वस्तूचे काय करायचे, हा सहावा प्रश्नही वरच्या पाच प्रश्नांना जोडावा.

आयकराच्या तक्त्यात स्वतः सांधणाऱ्या वस्तूसाठी निराळा रकाना आजतरी नाही. तो येईपर्यंत आपल्या घरच्या वहीत तरी एक रकाना वाढवायला हरकत नाही. नवी वस्तू घेताना किमतीशेजारी तिचे विक्रेत्याने सांगितलेले आयुष्य लिहावे, आणि ती निकामी होईल त्या दिवशी खरे आयुष्य त्याच ओळीत भरावे. चार-पाच वर्षांत त्या रकान्यावरून कोणाचा शब्द किती टिकतो, हे घरातल्या सर्वांना वाचता येईल.